हेग, अरुशा आणि 'सर्वांत मोठं यश'

तिरपागडा:
नेदरलँड्समधल्या हेगचे आणि टांझानियातल्या अरुशाचे युद्धगुन्ह्यांचे खटले हे संयुक्त राष्ट्रांचं सर्वांत मोठं यश, असं काल एका महाशयांनी ठणकावून लिहिलं. यश? युगोस्लाव्हियासाठीचं हेगचं न्यायाधिकरण, म्हणजे खास कोर्ट, मे 1993मधलं. बोस्नियातलं स्रेब्रेनिका त्याच्या महिनाभर आधीच संयुक्त राष्ट्रांकडून 'सुरक्षित क्षेत्र' जाहीर झालेलं. जुलै 1995मध्ये तिथलीच 8,000च्या आसपास पुरुष आणि पोरगे मारले गेले. मारणाऱ्या बोस्नियन सर्ब फौजेचा सेनापती म्लादिच, त्याने कोर्टाला भीक घातली? रवांडात तर कहर. कत्तल चालू असताना, एप्रिल 1994मध्ये, सुरक्षा परिषदेने शांतिसेना 270वर आणायचा ठराव केला आणि नोव्हेंबरात त्याच परिषदेने रवांडासाठी अरुशाचं न्यायाधिकरण काढलं. स्वतःची अब्रू झाकायला!

वकीलीणबाई:
मग काय, सोडून द्यायचं होतं? रवांडातल्या एका गावाचा महापौर आकायेसू, त्याच्यावरचा अरुशाचा 1998चा निकाल वाचलाय? बलात्कार हासुद्धा वंशसंहार ठरू शकतो, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पहिल्यांदा तिथे म्हटलं. आणि म्लादिच जन्मठेप भोगतोय.

तिरपागडा:
सापडला 2011मध्ये. बरं, ज्यांच्यासाठी अरुशाचं कोर्ट काढलं त्या रवांडानेच ठरावाविरुद्ध मत दिलं होतं.

वकीलीणबाई:
फाशीची तरतूद नाही, हाही त्यांचा एक आक्षेप होता. अर्धीच गोष्ट सांगू नका.

माजी_फौजी:
तुमचं कोर्टपुराण चालू द्या. स्रेब्रेनिकाच्या राखणीला ठेवलेल्या शांतिसेनेच्या डच पोरांना मात्र जो तो शिव्या घालतो. मी आफ्रिकेत एका मोहिमेवर होतो. फाटकाबाहेर बायकापोरं, आमच्याकडे नुसत्या रायफली. वायरलेसवर विचारलं, फाटक उघडू का? उत्तर आलं, "थांबा, कळवतो." कळवलं नाहीच. शेवटी सुभेदारसाहेबांनी स्वतःच्या जबाबदारीवर उघडलं, नंतर त्याचाच जाब द्यावा लागला.

वकीलीणबाई:
काका, सुभेदारांना सलाम. पण शांतिसेनेच्या निळ्या टोपीखाली लैंगिक शोषण करणाऱ्यांचं काय? फौजदारी खटला ज्याच्या त्याच्या देशाने चालवायचा. म्हणजे बहुतेकदा विमानात बसवून घरी.

माजी_फौजी:
आम्हाला सगळ्यांना एकाच माळेत ओवताय? तोंड सांभाळून!

वकीलीणबाई:
तुमच्याबद्दल बोललेच नाही. नियमाबद्दल बोलतेय. 2002मध्ये अमेरिका तर शांतिसैनिकांना आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयातून सूट द्या म्हणून अडून बसली, आणि वर्षभराची मिळवलीही.

माजी_फौजी:
ज्याने केलं त्याला लटकवा, माझी ना नाही. पण मग 'थांबा, कळवतो'वाल्यालाही पिंजऱ्यात उभा करा.

तिरपागडा:
त्याच्यासाठी कलम कुठलं, वकीलीणबाई?

वकीलीणबाई:
कुठलंच नाही. खूश?

तिरपागडा:
चला, आकायेसूचा निकाल तुम्हाला बक्षीस. 'सर्वांत मोठं यश' मात्र त्या महाशयांना परत करा.