तातडीचं: नेरूळच्या घराचं मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी), डिसेंबरात भारतात कोण आहे?

मेधा, ४ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी,

शिरीषदादा, तुम्ही २८ तारखेला ठाण्याला निघताय हे शनिवारी फराळाच्या वेळी कळलं, म्हणून लिहितेय. नेरूळचं घर अखेर ठरलं. १ कोटी २० लाख. घेणारं जोडपं सानपाड्याचं आहे. त्यांना भाड्याचं घर ३१ डिसेंबरला सोडायचंय, त्याआधी रजिस्ट्रेशन व्हायला हवं. मला जानेवारीच्या मध्यापर्यंत इथून हलता येत नाही, ऋचाच्या बाळंतपणाची तारीख ११ डिसेंबर आहे. भावंडं मला नाहीत हे सगळ्यांना माहीतच आहे.

तुमच्या नावाने मुखत्यारपत्र केलं तर चालेल का? एका दिवसाचं काम आहे, ठाण्याहून नेरूळ गाडी सरळ मिळते. एजंट म्हणतो मुखत्यारपत्र कुणालाही देता येतं, ५०० रुपयांचा स्टँप लागतो आणि विषय संपला. मजकूरही त्याने पाठवलाय.

मेधा

शिरीष, ४ नोव्हेंबर

मेधा, अगं विचारतेस काय, करतो ना. ५ तारखेला पुतणीचं लग्न आहे, ८ नंतर मी मोकळा. तुझ्या वडिलांनी, अण्णांनी, मला त्या घरात दोन महिने ठेवून घेतलं होतं, नोकरी नव्हती तेव्हा. एवढं तर करायलाच हवं. फक्त सांग, कागद वकिलातीतून करून आणायचा की इथल्या नोटरीकडून?

सुधीर, ५ नोव्हेंबर

सर्वांना नमस्कार.

मेधाताई आणि शिरीष या दोघांबद्दल मला आदरच आहे. पण आपल्या मंडळाचा खजिनदार म्हणून एक नोंद करतो. पनवेलच्या प्लॉटच्या वेळी काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. व्यवहार दोघांचा होता, बोल मंडळाला लागला, आणि पुढे दोन वर्षं गणपतीला वर्गणी मागताना लोक आम्हाला तेच ऐकवत होते. घराच्या व्यवहारात मंडळाचा सभासद मुखत्यार होणार असेल तर तो वैयक्तिक नात्याने होतोय, मंडळातर्फे नाही, हे या यादीवर लेखी असावं. घरखरेदी-विक्रीच्या मेल इथे नकोत असं मी मागेही सुचवलं होतं.

अविनाश, ५ नोव्हेंबर

सुधीर, नोंद झाली. पण खरा धोका वेगळा आहे आणि तो मेधाला आत्ताच कळायला हवा.

एजंटचं बोलणं अर्धवट आहे. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात विक्रीचा अधिकार देणारं मुखत्यारपत्र विनामोबदला असेल आणि आई-वडील, भाऊ-बहीण, नवरा-बायको, मुलं, नातवंडं अशा जवळच्या नातेवाइकाला दिलेलं असेल, तरच ५०० रुपयांत भागतं. बाकी कुणालाही दिलं तर खरेदीखताइतकं मुद्रांक शुल्क बसतं, तेही बाजारमूल्यावर. १ कोटी २० लाखांवर नुसते ५ टक्के धरले तरी ६ लाख होतात. शिरीष तुला सख्ख्या भावासारखा आहे, पण स्टँप ऑफिसला तो सख्खा भाऊ नाही.

शिरीष, ५ नोव्हेंबर

अविनाश, माझ्या मेहुण्याने २०१८ मध्ये कोपरखैरण्याचं घर मित्राला मुखत्यार करून विकलं. कुणी ६ लाख मागितले नाहीत. एवढा मोठा फरक असता तर आम्हाला कळलंच असतं की.

अविनाश, ६ नोव्हेंबर

मेहुण्याच्या मुखत्यारपत्रात नेमकं काय लिहिलं होतं ते विचार. ‘विकण्याचा, मोबदला घेण्याचा, करारावर सही करण्याचा अधिकार’ असे शब्द होते का? मेधाने मला एजंटचा मजकूर पाठवला. त्यात हे सगळं आहे, वर ‘मुखत्यारास योग्य वाटेल त्या किमतीस’ असंही आहे. मेधा, हे वाक्य वाचून मला रात्री झोप लागली नाही. शिरीषवर माझा पूर्ण विश्वास आहे. पण त्या कागदाची प्रत एजंटकडे राहणार आहे, आणि असा मोकळा अधिकार कागदावर असूच नये.

वैदेही, ६ नोव्हेंबर

मुखत्यारपत्राचं मला फारसं कळत नाही, पण मेधा, सोसायटीचं आधी बघ. नौपाड्याचं आईचं घर विकताना आमच्या सोसायटीने हस्तांतरणासाठी २ लाख मागितले. नाव दिलं ‘इमारत निधी’. ९ ऑगस्ट २००१ च्या शासकीय परिपत्रकाप्रमाणे महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्य २५ हजारांच्या वर घेता येत नाही. देणगी म्हणूनही नाही. मी परिपत्रकाची प्रत पाठवली, तर सेक्रेटरी म्हणाले, तुम्ही परदेशात कमावता, तुम्हाला जड काय? तीन आठवडे शेअर सर्टिफिकेट अडवून ठेवलं. शेवटी उपनिबंधकांकडे तक्रारीचा मसुदा तयार केला आणि त्याची प्रत त्यांना दाखवली, तेव्हा २५ हजारांची पावती मिळाली.

तो अपमान मी अजून विसरलेले नाही. आई त्या जिन्यावरून चाळीस वर्षं चढली-उतरली.

प्रकाशकाका (पाचपाखाडी), ७ नोव्हेंबर

वैदेही, २ लाख मागणं चूकच, त्याचं समर्थन नाही. पण आता मी इथे परत येऊन आमच्या सोसायटीचा चेअरमन झालोय, म्हणून दुसरी बाजूही ऐक. आमच्या २४ घरांपैकी ९ बंद किंवा भाड्याने आहेत. टाकी गळते, लिफ्टला नवा दोर हवा, सभेला येतात सहा जण, आणि त्या सहांत सगळ्यात तरुण मी, ६९ वर्षांचा. बाहेरचे सभासद मेलला उत्तर देत नाहीत. भाड्याने दिलेल्या घराला ना-भोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घेता येतं, तेही वेळेवर येत नाही. मग विक्रीच्या वेळी कमिटी अडवून धरते, कारण तेवढाच एक क्षण तिच्या हातात असतो. हे बरं नव्हे, पण ते असं घडतं.

मेधा, अण्णांचं घर विकतेस हे वाचून थोडं वाईट वाटलं. गेल्याच महिन्यात, ८ ऑक्टोबरला विमानतळाचं उद्घाटन झालं. अटल सेतू होताच. उलवे, नेरूळ, सीवूड्स सगळीकडे भाव बोलताहेत. दोन वर्षं थांबता आलं नसतं का?

मेधा, ७ नोव्हेंबर

काका, विकावं की नाही हे मी विचारलेलं नाही, आणि तो निर्णय सोपाही नव्हता. अण्णांनी २०११ मध्ये बक्षीसपत्र केलं तेव्हापासून मी ते घर जपलं. गेल्या पावसाळ्यात स्वयंपाकघराची भिंत ओट्याच्या वरपर्यंत ओली झाली. शेजारच्या वहिनींनी फोटो पाठवला: अण्णांनी खिळ्याला अडकवलेलं कालनिर्णय भिंतीला चिकटून सगळं पान निळं पडलेलं. बंद घर दोन वर्षांत मोठं होत नाही, ते खचतं. ज्यांना देतेय ती मुलगी नेरूळच्याच शाळेत शिक्षिका आहे. तिने घर बघताना आधी खिडकीतून खालचं गुलमोहराचं झाड पाहिलं. मला ते पटलं.

आता कृपया मुखत्यारपत्राचं सांगा. दिवस कमी आहेत.

निखिल, ८ नोव्हेंबर

मेधामावशी, मुखत्यारपत्राइतकंच दुसरं कोडं आहे आणि त्यावर अजून कुणीच बोललेलं नाही. टीडीएस, म्हणजे घेणाऱ्याने किमतीतून आधीच कापायचा कर.

घेणाऱ्यांना एजंटने १ टक्का कापायला सांगितलं असेल. तो नियम विकणारा भारतात राहणारा असेल तर. तू अनिवासी आहेस, तेव्हा आयकर कायद्याचं कलम १९५ लागतं. दीर्घ मुदतीच्या नफ्यावर कर १२.५ टक्के, पण प्रमाणपत्र नसेल तर घेणारा कर कापतो पूर्ण किमतीवर. रक्कम १ कोटीच्या वर असल्याने करावर १५ टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर धरून १४.९५ टक्के होतात, म्हणजे १७ लाख ९४ हजार. ते परत मिळवायला विवरणपत्र भरून परताव्याची वाट बघायची. आणि घेणाऱ्यांना टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) काढावा लागेल, नुसत्या पॅनवर हे होणार नाही. त्यांचं कर्ज आहे म्हणजे बँकही विचारेल.

उपाय: फॉर्म १३ भरून कमी दराने कपातीचं प्रमाणपत्र. आजोबांनी घर १९९३ मध्ये घेतलं असं तू म्हणाली होतीस, म्हणून मान्यताप्राप्त मूल्यनिर्धारकाकडून १ एप्रिल २००१ चं मूल्य काढून घे, मूळ किंमत म्हणून ते धरता येतं. इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे मूळ किंमत वाढवणं) घेऊन २० टक्क्यांचा जो पर्याय २३ जुलै २०२४ आधीच्या घरांना ठेवलाय तो निवासींनाच आहे, आपल्याला नाही. अर्ज आजच टाक. प्रमाणपत्राला आठवडे लागतात आणि ते हातात नसताना पैसे घेतले तर तेवढ्या रकमेवर पूर्ण दराने कपात होईल.

टोकन घेतलंस का?

मेधा, ८ नोव्हेंबर

१ लाख घेतलेत. कापलं काहीच नाही. आता?

निखिल, ८ नोव्हेंबर

करारनाम्यात ते टोकन किमतीचा भाग म्हणून लिहा आणि त्यावरचा कर त्यांना भरायला सांग. लपवू नका, दंड त्यांना बसेल. बिचाऱ्यांना कुणी सांगितलेलंच नसणार. तूच फोन करून नीट समजाव.

सुधीर, ८ नोव्हेंबर

ही माहिती उपयोगाची आहे हे मान्य. मंडळाच्या संकेतस्थळावर एक पान करावं, निखिलने लिहावं, मी तपासून लावतो. मात्र खाली ‘व्यवहार करण्यापूर्वी स्वतःच्या सल्लागाराला विचारा’ ही ओळ हवीच.

कल्याणीताई, ९ नोव्हेंबर

मेधा बाळा,

उशिरा वाचलं, डोळ्याचं ऑपरेशन झालंय. आता माझं नीट ऐक. शिरीषला विकायचा अधिकार द्यायचाच नाही. सही तूच कर.

मी २०१७ मध्ये घंटाळीची जागा अशीच दिली. करारनाम्याचा पक्का मसुदा मागवला, किंमत आणि हप्ते भरलेला, एकही जागा कोरी नसलेला. तो इथे वकिलातीच्या अधिकाऱ्यापुढे मी स्वतः सही केला, पानापानावर. आणि वेगळं, छोटं मुखत्यारपत्र केलं, फक्त हा एक दस्त नोंदणीला सादर करण्यासाठी आणि माझ्या वतीने कबुलीजबाब देण्यासाठी. ते नातेवाईक नसलेल्यालाही देता येतं, त्याला खरेदीखताचं शुल्क लागत नाही. स्टँप आता ५०० चा लागतो. शिरीषच्या मेहुण्याचंही बहुधा असंच असणार.

अविनाशला ज्याची काळजी वाटते ते यात उरत नाही. किंमत तू लिहिलेली, पैसे तुझ्या एनआरओ (अनिवासींच्या) बँक खात्यात, सही तुझी. शिरीषने फक्त रजिस्ट्रारपुढे अंगठा लावून ‘होय, ही सही मेधाची’ एवढं म्हणायचं.

दोन मुदती वहीत लिहून ठेव. बाहेर सही केलेला दस्त भारतात पोचल्यापासून चार महिन्यांत नोंदणीला सादर करायचा. मुखत्यारपत्राला तिथे पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक लावायचा. पाकिटावरची पोचल्याची तारीख जपून ठेवा, तोच पुरावा. आणि मसुदा हातात आला की सही करण्याआधी ज्या दुय्यम निबंधकाकडे दस्त जाणार त्यांना दाखवून घ्या. काहींना नोटरी आणि अपॉस्टिल (परदेशातला कागद खरा असल्याचा तिथल्या सरकारचा दाखला) चालतं, काही वकिलातीचाच शिक्का मागतात. वाद घालत बसण्यापेक्षा वकिलातीत जा.

सिडकोचंही विसरू नको. जमीन ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याची आहे, हस्तांतरणाची परवानगी आणि शुल्क लागणार. ते शुल्क कोण भरणार हे करारनाम्यात लिहा. त्या अर्जावरही सही तुझीच असू दे.

अविनाश, ९ नोव्हेंबर

ताई, हे मला सुचायला हवं होतं. पूर्ण सहमत. मेधा, करारनाम्यात ‘कमी कपातीच्या प्रमाणपत्राप्रमाणे टीडीएस’ हे कलम घालून घे. मी आज रात्री मसुदा वाचून देतो.

शिरीष, ९ नोव्हेंबर

मेहुण्याला फोन केला. ताई म्हणतात तसंच होतं, कबुलीजबाबापुरतं. अविनाश, तुझं बरोबर होतं, मी उगाच अडून बसलो. मेधा, कागद माझ्याबरोबर नेतो, कुरिअर नको. हातातल्या बॅगेतच ठेवीन. विमानाचं तिकीट आणि पासपोर्टवरचा शिक्का हाच पोचल्याच्या तारखेचा पुरावा.

प्रकाशकाका, १० नोव्हेंबर

रजिस्ट्रेशनला शिरीषची ओळख पटवणारे दोघे लागतील, आधार कार्डासकट. एक मी. दुसरा आमचा अरुण येईल, तो सेक्टर १० मध्येच असतो. शिरीष, वेळ सकाळची घे. दुपारी सर्व्हर बसला की फोटो आणि अंगठे होईपर्यंत संध्याकाळ होते. मेधा, परवाच्या माझ्या बोलण्याचं मनावर घेऊ नकोस. अण्णांबरोबर त्या गच्चीवर कोजागरीचं दूध प्यायलोय, म्हणून तसं लिहिलं गेलं.

मेधा, १० नोव्हेंबर

काका, मनावर काही नाही.

सकाळी त्या दोघांशी फोनवर तासभर बोलले. टॅनचा अर्ज ते आज करताहेत. टोकनवरच्या कराचं ऐकून आधी घाबरले, मग त्यानेच विचारलं की मावशी, तुमचं नुकसान होणार नाही ना. फॉर्म १३ चे कागद निखिलला पाठवले. मूल्यनिर्धारक बुधवारी घर बघायला जातोय. वकिलातीची वेळ १९ ची मिळाली.

शिरीषदादा, चावी वहिनींकडे आहे. गोदरेजच्या कपाटात वरच्या कप्प्यात अण्णांची निळी फाइल आहे, तिच्यात शेअर सर्टिफिकेट आणि सिडकोचं मूळ वाटपपत्र. कपाटाचा दरवाजा थोडा वर उचलून ओढावा लागतो, नाहीतर उघडत नाही. ते कपाट त्यांनाच ठेवायचंय, मी हो म्हटलंय. फाइल तेवढी काढून आणा.