धुऱ्यावरच्या झाकणवाल्या कोळ्याचे भाऊबंद आफ्रिकेत कसे काय?

तुरीचं_रान: मंडळी, परवा अंबाजोगाईकडं मामाच्या रानात धुऱ्यावर रुपयाएवढं गोल झाकण दिसलं, वरून माती अन् काडीकचरा चिकटवलेला, काडीनं उचलायला गेलो तर आतून पांढरं रेशमी अस्तर आणि आतून कुणीतरी झाकण खाली ओढायलंय! काळपट कोळी. मामा म्हणले हे बीळ बाभळीच्या बुडाला कैक वर्षं बघायलो. नेटवर बघितलं तर असले कोळी आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलियात पण आहेत, मग एवढा समुद्र ओलांडला कसा यांनी?

बालाघाट_भटक्या: नशीबवान आहात राव! हा ट्रॅपडोअर कोळी, वर्णनावरून इडिओपिडी कुळातला वाटतो. कोळ्यानं समुद्र ओलांडला नाही, जमीनच सरकली. हे सगळे खंड गोंडवन नावाच्या जुन्या महाखंडात एकत्र होते तेव्हापासूनचं घराणं आहे हे. साधारण ९ कोटी वर्षांपूर्वी भारत मादागास्करपासून तुटला आणि यांना घेऊनच आशियाकडं निघाला. यांच्या गटाचं नाव मायगॅलोमॉर्फ, टॅरँटुला पण त्यातलाच, आणि त्यातला फ्रान्समध्ये सापडलेला रोझामायगेल हा जीवाश्म तर सुमारे २४ कोटी वर्षांचा आहे. आपला काळा दगड ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे ज्या मुरमात ते बीळ आहे त्या मुरमापेक्षा हे घराणं जुनं! पुढच्या वेळी विषदंत बघा, दोन्ही समांतर, कुदळीसारखे वरून खाली मारतो, घरातल्या कोळ्याचे चिमट्यासारखे समोरासमोर येतात.

मांजराकाठ: बरोबर, पण सगळंच गोंडवनावर टाकू नका. ऑस्ट्रेलियाच्या कांगारू बेटावर मॉग्रिजिया नावाचा असाच झाकणवाला आहे, त्याचे जवळचे सगेसोयरे आफ्रिकेत. २०१७ मध्ये डीएनए तपासला तर दोघांची फारकत २ कोटी वर्षांच्याही आतली निघाली, खंड तर त्याच्या कितीतरी आधी तुटलेले. म्हणजे तो खरंच हिंदी महासागर ओलांडून गेला, बहुतेक वाहून आलेल्या मातीझाडांच्या ढिगावर, बिळासकट.

तुरीचं_रान: बाप रे. आणि मामा म्हणतात ते एकच बीळ इतकी वर्षं?

बालाघाट_भटक्या: का नाही! मादी सहसा जन्मभर एकच बीळ धरून राहते. याच कुळातली ऑस्ट्रेलियातली एक मादी, नंबर १६ म्हणायचे तिला, १९७४ पासून एकाच बिळात होती, ४३ वर्षं जगली, २०१६ मध्ये झाकणाला गांधीलमाशीनं पाडलेलं भोक दिसलं तेव्हा कळलं की ती गेली.

तुरीचं_रान: आत्ताच मामाला फोन केला. यंदा धुरा कोरायला जेसीबी सांगितला होता, म्हणले बाभळीपासून दहा पावलं सोडून कोरू.