मदत हवी आहे: ३क्ष + ५ म्हणजे ८क्ष का नाही, हे सातवीतल्या लेकीला कसं समजवू?

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो, लेक सातवीत आहे, इंग्लिश मीडियम. शाळेत आत्ताच अल्जेब्रा सुरू झालंय (एक्सला इथे क्ष लिहिते). पोरगी गणितात कच्ची नाही हो, पाढे, अपूर्णांक सगळं पक्कं, पण अक्षर आलं की गडबडते. काल होमवर्कमधे सगळीकडे ३क्ष + ५ = ८क्ष लिहून ठेवलं होतं. मी म्हटलं असं नाही होत, तर म्हणाली मग उत्तर काय, प्लस आहे म्हणजे बेरीज करायलाच पाहिजे ना. दुसरं म्हणजे 'फोर लेस दॅन एक्स' असेल तर ४ − क्ष लिहून राहिली आहे.

वर घरात तीन भाषा. मी इथेच हिंदी मीडियममधे शिकले, माझ्या तोंडात चर (क्षसारखं अक्षर), गुणांक (त्याच्या आधीचा आकडा, ३क्ष मधला ३), पक्षांतर. सासरे मराठी शाळेतले, ते चल आणि सहगुणक म्हणतात. तिचं व्हेरिएबल आणि कोएफिशियंट. परवा आम्ही दोघं एकच गोष्ट सांगत होतो आणि तिला वाटलं दोन वेगळ्या आहेत, रडायलाच आली बिचारी. ट्यूशन लावायची नाहीये, पाठ करून मार्क येतील पण मला तिला समजायला हवंय. कुणी मुलांना शिकवलं असेल तर सांगा प्लीज.

प्रतिसाद, निवृत्त शिक्षक, वडोदरा:
ताई, घाबरू नका, ही चूक जवळजवळ प्रत्येक वर्गात होते. आतापर्यंत तिच्यासाठी = म्हणजे 'आता उत्तर लिही' एवढंच होतं, त्यामुळे ३क्ष + ५ हेच उत्तर असू शकतं हे तिला अर्धवट वाटतं. नियम सांगू नका. तीन झाकलेले डबे घ्या, प्रत्येकात सारखेच लाडू, किती ते तिला सांगायचं नाही, आणि बाहेर ५ सुटे. क्ष म्हणजे डबा नाही, लाडूही नाही, एका डब्यातल्या लाडवांची संख्या, हे दहादा बोला कारण मुलं इथेच घसरतात. मग विचारा, ५ सुटे लाडू म्हणजे ५ डबे का? आणि पडताळा करायला लावा, क्ष = ७ घेतलं तर ३क्ष + ५ होतात २६ आणि ८क्ष होतात ५६. स्वतः पाहिलं की वाद संपतो. तेच उलटं, एकूण २६ आहेत असं सांगा, म्हणजे ३क्ष + ५ = २६, दोन्हीकडून ५ काढले की उरले २१, तीन डब्यांत वाटले की ७. पक्षांतराचं 'पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं' हे नंतर, आधी दोन्हीकडून सारखं काढणं.

शब्दांचं म्हणाल तर शाळेचा शब्द ठेवा, घरचा अर्थ सांगा. भास्कराचार्यांच्या ११५० च्या सुमाराच्या बीजगणितात अज्ञात संख्येला यावत्तावत् म्हटलंय, म्हणजे जितकी असेल तितकी, थोडक्यात 'या'. आणि सुट्या आकड्याला 'रू', म्हणजे रूप. ३क्ष + ५ तिथे 'या ३ रू ५' असं येईल, दोन्ही शेजारी पण वेगळे. तिला हे दाखवा, मुलींना आवडतं.

प्रतिसाद, ग्वाल्हेरची मावशी:
फोर लेस दॅन एक्सवर माझा उपाय म्हणजे वाक्य आधी मराठीत बोलायला लावा. 'क्षपेक्षा ४ ने कमी', आपल्याकडे क्ष आधीच येतो, मग तसंच लिहायचं, क्ष − ४. इंग्लिशमधे ४ आधी ऐकू येतो म्हणून पोरं तो आधी लिहितात. माझ्या भाच्याचं यानेच सुटलं.

धागाकर्ती:
सर, मावशी, दोघांचे मनापासून आभार. रात्री डबे काढले, लाडू नव्हते म्हणून शेंगदाणे घेतले. तीच म्हणाली, आई डब्यात किती आहेत माहीतच नाही तर ८ कसे म्हणू. मला इतकं बरं वाटलं! मराठीत बोलून पाचपैकी चार गणितं बरोबर आली. आता एकच अडलंय, १० − (क्ष − ३). ती ७ − क्ष लिहिते आणि मला पण 'कंस सोडताना चिन्ह बदल' याच्या पुढे काही सांगता येत नाही.

निवृत्त शिक्षक:
तिला १० रुपये द्या आणि दुकानातून शेवेची छोटी पुडी आणायला सांगा. किंमत क्ष, दुकानदाराने ३ रुपये सोडले. तिने आधी पूर्ण किंमत दिली, १० − क्ष, मग त्याने ३ परत केले, म्हणजे १० − क्ष + ३. हातात राहिले १३ − क्ष. क्ष = ५ ठेवून बघायला सांगा, दोन्हीकडे ८ येतात, तिच्या ७ − क्षमधे २ च.