मदत हवी आहे: इंजिन सुरू केलं की इंटरकॉममध्ये शिट्टी

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा, एएमईच्या (विमान देखभालीचा परवानाधारक इंजिनिअर) हाताखाली शिकतोय. चार सीटचं, एका इंजिनाचं जुनं विमान आहे, २८ व्होल्टचं. जुनं ऑडिओ पॅनेल (रेडिओ आणि माइकचे आवाज हेडसेटकडे वळवणारा डबा) काढून नवं बसवलं, सीटवाल्यांना आपसात बोलायचा इंटरकॉम त्यातच आहे. वायरिंग बहुतेक मीच ओढली, म्हणजे खापरही माझ्याच डोक्यावर.

नुसत्या बॅटरीवर सगळ्या चाचण्या पास झाल्या. चारही सीटवर आवाज स्वच्छ, कॉम १ आणि कॉम २ या दोन्ही रेडिओंवर साइडटोन (बोलताना कानात येणारा आपलाच आवाज) ठीक, टॉवरकडून ‘रीडेबिलिटी फाइव्ह’, म्हणजे अगदी स्पष्ट. पॅनेल बंद करून पाहिलं तरी डाव्या सीटला कॉम १ थेट मिळतो, म्हणजे फेल-सेफही चालतं.

काल सकाळी, ऊन तापायच्या आत, सोनेगाव विमानतळाच्या एप्रनवर (विमानं उभी करायच्या जागी) इंजिन सुरू केलं आणि मुसळ केरात. १००० आरपीएमला बारीक कुईं, १७०० ला कानात मच्छर शिरल्यासारखी शिट्टी. अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून वीज बनवणारा) स्विच क्षणभर बंद केला की गायब. मी लगेच म्हटलं, फिल्टर टाकू. सर म्हणाले, “पॅनेल बदलायच्या आधी शिट्टी होती का?” नव्हती. “मग अल्टरनेटरले काहून दोष देऊन राहिला बे?”

स्ट्रोब दिवे आणि रेडिओ थंड ठेवणारा एव्हिऑनिक्स फॅन यांचे ब्रेकर ओढून वीज तोडून पाहिली, फरक नाही. दोन्ही कॉमचा व्हॉल्यूम शून्यावर नेला, तरी तेच. काम ठीक झाल्याची सरांची सही अडली आहे. आणखी काय पाहू?

*तारयंत्र:*
पायलट आयसोलेटवर (पायलटला इंटरकॉमपासून वेगळं काढणारा मोड) टाकून पाहिलंस का? आणि एकेका सीटचा माइक प्लग काढून?

*धागाकर्ता:*
आज पुन्हा इंजिन चालवलं, भाऊ. आयसोलेटवर डावी सीट एकदम शांत, उजवीकडे शिट्टी तशीच. उजवा माइक प्लग काढला की सगळीकडे गप्प. बाकी प्लग काढून काही होत नाही.

*तारयंत्र:*
मग पॅनेल आणि रेडिओला हात लावू नकोस, उजवा माइक जॅक उघड. जॅकची बॉडी हीच माइकची ग्राउंड असते, ती विमानाच्या पत्र्याला लागता कामा नये. म्हणून तर फायबरचे दोन वॉशर, एक खांद्याचा आणि एक सपाट. ग्राउंड एकाच जागी, पॅनेलपाशी. जॅकपाशी दुसरी झाली की अल्टरनेटरच्या परतीच्या प्रवाहातला थोडा वाटा तुझ्या शील्डमधून (माइकच्या वायरभोवतीची तारांची जाळी) जायला लागतो, आणि माइकचा सिग्नल इतका बारीक की एवढा वाटाही ऐकू येतो. बॅटरीवर अल्टरनेटरच नाही, तर ऐकू काय येणार?
मीटर लावताना मात्र पॅनेलमागचा कनेक्टर आधी काढ. नाहीतर चांगला जॅकही पत्र्याशी जोडलेलाच दिसेल आणि दिवसभर भलतंच शोधत बसशील.

*सोल्डरवाला:*
+१. शील्डचं जॅककडचं टोकही बघून घे. एखादी सुटी तार पत्र्याला टेकली तरी हाच तमाशा.

*धागाकर्ता:*
सापडलं! वॉशर दोन्ही होते, म्हणून मी पैजेवर सांगत होतो की जॅक बरोबर आहे. पण पत्र्यातल्या भोकाची धार मी घासलीच नव्हती. नट आवळताना त्या धारेनं फायबरचा खांदा कापला गेला होता, अर्धी चकती सोलल्यासारखी बाहेर आली. कनेक्टर काढून मोजलं तर जॅक ते पत्रा ०.२ ओहम.
धार घासली, नवे वॉशर घातले, मीटर ओपन, म्हणजे जॅक आता पत्र्याला लागत नाही. संध्याकाळी इंजिन चालवलं, २००० पर्यंत नेलं, शिट्टी नाही. आता त्या आरपीएमला इंटरकॉमचा स्क्वेल्च (कोणी बोलत नसताना माइक बंद ठेवणारा) मात्र आपोआप उघडतो, तो थोडा घट्ट करावा लागेल.
तारयंत्र भाऊ, लई आभार. उद्या मागच्या दोन सीटचे जॅकही उघडतो. भोकं मीच पाडलीत.