शॉटगन माइक (लांब नळीचा) लावूनही आवाज विहिरीतून आल्यासारखा का येतोय? (मदत हवी आहे)

मंडळी, घोळ झालाय. आमच्या पेठेतल्या तालमीत एक वस्ताद आहेत, वय ८२. कोल्हापूरच्या खासबाग मैदानातल्या जुन्या कुस्त्यांच्या त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करतोय. 'शॉटगन घ्या, समोरचाच आवाज धरतो' असं दुकानदार म्हणाला, म्हणून घेतला. कॅमेऱ्यावर बसवला, वस्ताद सात-आठ फुटांवर. घरी हेडफोन लावला तर वस्ताद विहिरीतून बोलतायत! वर पत्रा, बाजूला दगडी भिंती. शिवाय बाहेरच्या बुलेटची धडधड जशीच्या तशी. रंकाळा तलावावर, उघड्यावर मात्र ह्याच माइकवर मित्राचा आवाज झकास आला होता.

कार्डिऑइड (समोरचं धरणारा, मागचं टाळणारा माइक) घेऊ का? की कॉलर माइक? वस्ताद बोलता बोलता शड्डू ठोकतात, छातीवरच्या माइकचा आवाज तिथंच फाटेल.

प्रतिसाद १:
माइक बरोबर आहे, जागा चुकली. शॉटगनच्या नळीला कडेनं फटी असतात. बाजूचा आवाज त्यांतून मागंपुढं आत शिरतो आणि स्वतःलाच मारतो. पण हे नळीपेक्षा आखूड लहरींनाच जमतं. नळी २५ सेंमी असेल तर साधारण १४०० हर्ट्झच्या खाली तिचा फारसा उपयोग नाही, आणि बुलेट तर कितीतरी खाली. पत्र्यावरून, भिंतींवरून परतलेला आवाजही सगळ्या बाजूंनी येतो. नळी त्यातला काही भाग खाते, काही सोडते, म्हणून तो पोकळ लागतो. रंकाळ्यावर भिंतीच नव्हत्या.

आधी माइक कॅमेऱ्यावरून उतरवा. अंतर निम्मं केलं की बोलणं सुमारे ६ डेसिबलनं वाढतं, घुमारा तेवढाच राहतो. दीड फुटावर, डोक्याच्या वर, फ्रेमबाहेर धरा. कार्डिऑइड मिळाला तर उत्तम, त्याची पाठ दाराकडे करा. मागच्या बाजूला तो सगळ्यात बहिरा. मात्र अगदी तोंडाशी नेऊ नका, खर्ज फुगतो. आणि गेन (रेकॉर्डिंगची पातळी) लावायच्या आधी वस्तादांना एक शड्डू ठोकायला सांगा.

धागाकर्ता:
आज दुपारी, पोरांच्या जोर-बैठका नसताना गेलो. मित्राचा कार्डिऑइड काठीला बांधला, एका पोराला धरायला लावला. वस्ताद वर बघून म्हणाले, "मासं धरतोयस व्हय रं?" ते वाक्यसुद्धा स्वच्छ आलंय! विहीर गेली. बुलेट अजून आहे, पण लांब. लो-कट (खालचे आवाज कापणारा फिल्टर) ८० हर्ट्झला लावला तर वस्तादांचा खर्ज जाईल का?