थायरॉईड १२ मिमी, फुप्फुस ५ मिमी, यकृत १८ मिमी : आधी कुठल्या गाठीकडे बघायचं?

समुदाय आरोग्य अधिकारी, शहादा
पेशंट बाई, वय ५२. सोनोग्राफीत थायरॉईडमध्ये १२ मिमीची गाठ, टायरॅड्स (सोनोग्राफीतल्या रूपावरून कॅन्सरचा संशय मोजणारी श्रेणी) ४. छातीच्या सीटीत ५ मिमीचा एकच घट्ट नोड्यूल (छोटी गाठ). यकृतात १८ मिमीचं लेशन, सोनोग्राफीत पांढरं दिसणारं. तंबाखू नाही, पूर्वी कॅन्सर नाही. घरचे विचारतात, "हाई गाठ कॅन्सरनी शे का?" यकृतातली सगळ्यात मोठी, म्हणून तिच्यापासून सुरुवात करू का?

रेडिओलॉजी, जळगाव
मॅडम, एका अवयवाचे मिलिमीटर दुसऱ्याला लावू नका. लेशन म्हणजे फक्त बदललेली जागा. गळू, वण, रक्तवाहिन्यांचा गुंता, काहीही असू शकतं.

थायरॉईडला आकारापेक्षा रूप महत्त्वाचं: गाठ घट्ट आहे का, काळपट आहे का, रुंदीपेक्षा उंच आहे का, आत बारीक चमकते ठिपके आहेत का. याचे गुण मिळून ४ ते ६ झाले की टायरॅड्स ४. त्यात सुई (सुईने पेशी काढून तपासणं) १५ मिमीपासून, १० मिमीपासून नुसती नजर: १, २, ३ आणि ५ वर्षांनी सोनोग्राफी. टायरॅड्स ५ असतं तर १० मिमीलाच सुई घातली असती. मात्र मानेतल्या लिम्फच्या गाठी बघितल्याची नोंद रिपोर्टात हवीच. टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) आधी करा. कमी आलं तर थायरॉईड स्कॅन.

फुप्फुसाचा ५ मिमी, जोखीम नसलेल्या माणसात, सहसा पुन्हा सीटी मागत नाही. ६ ते ८ मिमी असता तर ६ ते १२ महिन्यांनी केला असता. पूर्ण कॅल्शियम भरलेला असेल तर बहुधा जुन्या टीबीचा वण. तेवढ्यावरून टीबीच्या गोळ्या सुरू करू नयेत.

यकृतातलं पांढरं, काठ रेखीव असलेलं लेशन बहुतेक हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा साधा, कॅन्सर नसलेला गुंता. पण हिपॅटायटिस बी, सी किंवा सिरॉसिस असेल तर १० मिमीपासूनच ट्रायफेजिक सीटी (कॉन्ट्रास्ट डाय देऊन तीन टप्प्यांत काढलेला) किंवा एमआरआय लागतो. कॉन्ट्रास्टशिवायचा साधा सीटी इथे वाया जातो. कडेकडेने गोळ्यागोळ्यांनी डाय शिरून आत भरत गेला, तर निदान ठरतं. हिमँजिओमाला उगाच सुई टोचू नये, रक्तस्राव होऊ शकतो.

पॅथॉलॉजी, धुळे
पुढे कधी थायरॉईडची सुई लागलीच, तर रिपोर्टातल्या बेथेस्डा श्रेणीत १ म्हणजे 'नॉर्मल' नव्हे, नमुना अपुरा. प्रत्येकी किमान १० पेशींचे ६ तरी पुंजके लागतात. रक्त मिसळलं की ते मिळत नाहीत, म्हणून बारीक सुई (२५ ते २७ गेज) आणि सोनोग्राफीखालीच. पॅप रंगासाठीची स्लाइड लगेच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये. गिम्सा रंगासाठीची मात्र हवेत वाळवलेली.

मानेतल्या लिम्फच्या गाठीतून पू आला, तर थोडा वेगळा सलाईनमध्ये ठेवून सीबीनॅटला (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) पाठवा. सगळा फॉर्मलिनमध्ये टाकला की कल्चर (जंतू वाढवून बघणं) संपलं. ही चूक वारंवार होते आणि निदानाविना पेशंट आठवडे काढतो.

वैद्यकीय अधिकारी, नंदुरबार
हाडातल्या लेशनबद्दल जोडतो. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा कुटुंबातल्या पेशंटच्या एमआरआयवर 'लेशन' लिहून आलं, तर बायोप्सीआधी सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार, यात हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो) बघा: आधी सोल्युबिलिटी ही चाळणी तपासणी, मग पक्क्या निदानाला एचपीएलसी. रक्तपुरवठा तुटलेलं हाड आणि जंतूसंसर्ग फिल्मवर सारखेच दिसू शकतात. ताप आणि सूज वाढत असेल तर थांबू नका.

समुदाय आरोग्य अधिकारी, शहादा
हिपॅटायटिस बी, सीची तपासणी झालेलीच नाही. ती आणि टीएसएच उद्या पाठवते.

रेडिओलॉजी, जळगाव
बरोबर. आणि छातीचा जुना सीटी घरात असेल तर मागवा. जुन्या सीटीत तोच नोड्यूल दोन वर्षांपासून तेवढाच असेल, तर फुप्फुसाचा प्रश्न तिथेच मिटतो.