प्रतिसाद : प्राणी आणि त्यांची पिल्लं, चित्रपुस्तक कोणतं घ्यावं?

अडीच वर्षांच्या मुलासाठी विचारलंय, तर आधी जाड पुठ्ठ्याची, गोल कोपऱ्यांची पानं बघा. पातळ कागद टिकत नाही.

मग मजकूर. भाषांतरित पुस्तकांत बऱ्याचदा सरसकट ‘पिल्लू’ असतं. वासरू, रेडकू, शिंगरू, करडू, कोकरू, पाडस हे शब्द कानावर पडतच नाहीत. ते पेन्सिलीने चित्राखाली लिहा.

चित्रात पिल्लू म्हणजे आईची छोटी प्रत दाखवली असेल तर ते पुस्तक घेऊ नका. वारकरी (इंग्रजीत कूट) हा पाणपक्षी काळा, कपाळ पांढरं. पण त्याच्या पिल्लाचं डोकं लालभडक! आणि पिल्लाजवळ दरवेळी आईच का? कमळपक्ष्याची (इंग्रजीत जकाना) चार अंडी नर उबवतो, पिल्लंही तोच सांभाळतो. नाशिककरांनो, हे दोन्ही पक्षी हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात दिसतात. दुर्बिणीसोबत पुस्तकही न्या.